पथ्याचा हिवाळा

आंबिया बहराची संत्री यंदा लवकर आली. सीताबर्डीला हातगाड्या लागल्या आहेत. बसमधून उतरलेली माणसं उभ्याउभ्याच संत्रं सोलतात, बिया रस्त्यावर थुंकतात आणि सालं तिथेच टाकून पुढे जातात. सकाळच्या हवेला धार आली आहे आणि दुपारचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटू लागलं आहे. या दिवसांत सगळं नागपूर खुशीत असतं. मला मात्र याच दिवसांत एक आवाज ऐकू येतो. तो कुठूनही येत नसतो, हे मला ठाऊक असतं.

बारीक आवाज. नीट न लागलेल्या दाराच्या फटीतून वारा शिरावा तसा. दम्याच्या माणसाला श्वास घेता येत नाही असं लोक समजतात. माझ्या बहिणीला पाहून मला कळलं ते असं, की श्वास कसाबसा आत जातो; तो सोडताना माणसाचे हाल होतात. जुनी हवा छातीत अडून बसते, म्हणून नव्या हवेला जागा मिळत नाही. तो आवाज अडलेल्या हवेचा असतो. मी त्या आवाजात अभ्यास केला, जेवले, झोपले. घराशेजारी पिठाची गिरणी असली की माणसाला तिची सवय होते, तशी आम्हाला इंदूच्या छातीची सवय झाली होती.

इंदू माझी मोठी बहीण. मी सांगते आहे तो हिवाळा सत्तर सालानंतरचा. ती विशीच्या पुढे गेली होती आणि मी कॉलेजात जाऊ लागले होते. गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं घर. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे अंगण. पुढची खोली मागाची. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून बाबा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत विणत. धोटा इकडून तिकडे जाई, तिकडून इकडे येई. हिवाळ्यात नागपूरची हवा कोरडी होते आणि कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं. म्हणून त्या खोलीच्या खिडक्या बंद ठेवायच्या, त्यांवर ओली गोणपाटं टांगायची, जमिनीवर पाणी शिंपडायचं. त्या ओलसर, कोंडलेल्या हवेत कापसाची बारीक भुकटी तरंगत राही. छपरातल्या काचेतून ऊन आत आलं की ती भुकटी चमकायची. लहानपणी मला ते फार सुंदर दिसे, आणि मी तोंड उघडं टाकून पाहत बसे.

इंदूची खाट त्याच खोलीत होती. कारण सरळ होतं. दम्याच्या माणसाला वारा लागू द्यायचा नाही, आणि वारा न लागणारी घरात तेवढी एकच खोली होती. मागच्या खोलीत चूल, चुलीचा धूर. ओट्यावर थंडी. म्हणजे मागाची खोलीच उत्तम. जे सुताला मानवतं ते मुलीलाही मानवत असणार, असं कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळे तसंच धरून चालले होते. शिवाय खाटेजवळ रहाट होता. धोट्यात बसवायची सुताची छोटी गुंडाळी म्हणजे कांडी. ती रहाटावर भरतात, आणि विणकराच्या घरात ते काम बायकांचं. इंदूला बरं नसलं तरी बसल्याबसल्या कांड्या भरता येत. तिला विरंगुळा होतो, असं माय म्हणायची.

दहाव्या वर्षी तिला पहिल्यांदा धाप लागली, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक माणसाने तिच्यावर काही ना काही केलं. अडुळशाचा रस मधातून. भाजलेल्या कांद्याचा रस मधाशिवाय, कारण त्या आठवड्यात मध संपला होता. रुईच्या फुलातली लवंग गुळात गुंडाळून. छातीला कापूर घातलेलं मोहरीचं तेल, तेही इतकं चोळून की कातडी लाल व्हावी. कुणीतरी धोत्र्याच्या पानांचा धूर सांगितला. तो घेतल्यावर ती संध्याकाळपर्यंत भिंतीशी बोलत होती, म्हणून तो सोडला. गरम पाण्याची वाफ घेतली की घटकाभर बरं वाटे, एवढं मात्र खरं. गुडघ्यांवर उशी घेऊन पुढे वाकून बसलं की छाती थोडी मोकळी होते, हे तिचं तिलाच सापडलं होतं.

आणि पथ्य. दही नाही, ताक नाही, पेरू नाही, केळं नाही, संध्याकाळी भात नाही. संत्रं तर नावालाही नाही. नागपुरात राहून. हिवाळाभर गल्लीत पोरं एकमेकांच्या डोळ्यांत संत्र्याच्या सालाचा रस उडवत, आणि ही दाराआड हात मांडीत घेऊन बसलेली. वाळलेल्या सालांचं पीठ मात्र माय तिच्या चेहऱ्याला नेमाने लावी. लग्नाची मुलगी होती ना. इंदू म्हणायची, "माय, तोंडाले लावलं तं चालते, तोंडात गेलं की दमा. याले अक्कल आहे का काही?" मायचा हात थांबत नसे.

औषधाच्या गोळ्याही होत्या. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिलेल्या, पांढऱ्या. अर्धी घेतली तरी इंदूचे हात कापत आणि छाती धडधडे, पण आवाज बसे. माय त्या गोळ्यांना घाबरत असे. सवय लागते, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. मुलीला श्वासाची सवय लागेल याची तिला भीती नव्हती, गोळीची होती. हे मी आज लिहू शकते. तेव्हा मलाही ते बरोबरच वाटे.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, काटोलला दिलेली. तिच्या बोलण्याला काटे होते आणि ते लपवावेत असं तिला कधी वाटलं नाही. घरात पाऊल टाकताच तिने इंदूकडे कान करून ऐकलं.

"छातीत बाजाची पेटी ठेवली का वं पोरी?"

"हो आत्या. तुमच्या भजनाले कामी येईन."

आत्या हसली. मग बाबांकडे वळून तिने स्थळ सांगितलं. काटोलचंच. पूर्वी विणकरच, पण माग सोडून बरीच वर्षं झालेली. मुलगा संत्र्याच्या आडतीत कामाला, घरात तो आणि त्याची विधवा आई. घरामागे संत्र्याची दोनचार झाडं, मोकळं अंगण.

"माग-बिग काही नाही त्यांच्याकडे," आत्या म्हणाली. "पोरगी मोकळ्या हवेत जाईन. पन दम्याचं तोंडातून काढाचं नाही कोनी."

"आन आवाज आला तं?" मायने विचारलं.

"येऊ द्याचाच नाही. तुळशीचं लगन झालं की पाहाले येतीन. तवापर्यंत नीट करा तिले."

भांडं घासून ठेवा म्हणावं, तसं ती म्हणाली.

त्या रात्रीच्या जेवणात इंदूने माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. ती घाबरली होती आणि तिला हावही सुटली होती. मोकळ्या अंगणाची हाव. मुलगा कसा आहे हे तिने मला एकदाही विचारलं नाही. तिने विचारलं ते असं: "काटोलले झोपतात कुठं? बाहेर खाट टाकतात का?" मी म्हटलं, टाकत असतील. पुढचे सगळे दिवस ती त्या खाटेसाठी जगली.

नीट करायला गुरुजी आले. हे निवृत्त शिक्षक, खादीचे कपडे, आवाज मऊ. वर्धेकडे राहून निसर्गोपचार शिकून आलेले. फी घेत नसत. ओट्यावर बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पोट साफ होतं का?"

"गुरुजी, अडकून तं छातीत राहिलं," इंदू म्हणाली.

"सुरुवात पोटातून असते, बाळ."

"मंग पोटातूनच श्वास घेऊ का?"

मायने तिला चिमटा काढला. गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, "हा जो राग आहे ना, तोही कफच आहे. तोही निघेल." मग मायकडून त्यांनी गोळ्यांची पुडी मागवली, तळहातावर घेऊन पाहिली आणि म्हणाले, "हे विष आहे, आई. शरीराला स्वतःचं काम करू द्या." मायने पुडी मोरीत रिकामी केली. गोळ्या लगेच विरघळल्या नाहीत. बराच वेळ मोरीच्या तोंडाशी पांढऱ्या दिसत होत्या, आणि इंदू त्यांच्याकडे पाहत होती.

उजाडता उजाडता तिला कोमट मिठाचं पाणी प्यायला लावत. तांब्यावर तांब्या. मग अंगणाच्या कोपऱ्यात वाकून बोटं घशात घालायची आणि सगळं ओकून टाकायचं. शेजारची बाई कुंपणावरून विचारायची, "काय झालं वं इंदूले? पोटात राहिलं का काही?" आणि आपल्याच विनोदावर हसायची. त्यानंतर काळ्या मातीचा गार लेप फडक्यात गुंडाळून पोटावर. कार्तिकातली सकाळ, आणि पोटावर ओली माती. तिचे दात वाजत. पहिले काही दिवस लिंबूपाणी आणि मध, दुसरं काही नाही. नंतर उकडलेला दुधी, मीठ न घालता. संध्याकाळी गुरुजी तिला श्वास सोडायला शिकवत. नाकाने घ्यायचा, ओठ मिटत आणायचे आणि फुंकणीतून चूल फुंकावी तसा हळूहळू सोडायचा. घाई करायची नाही. एवढं एक त्यांनी चांगलं शिकवलं. पुढे वाईट वेळी ती त्यालाच धरून राही.

दिवसभर सूर्यस्नान. म्हणजे सकाळपासून ऊन उतरेपर्यंत अंगणात खाटेवर. पूर्ण विश्रांती, रहाटाला हात लावायचा नाही. सूर्य मावळला की मागच्या खोलीत, मायच्या अंगाशी. कांड्या माय भरायची आणि कॉलेजातून आल्यावर मी.

आणि इंदू बरी होऊ लागली.

आवाज आधी बारीक झाला, मग मधूनमधून, मग नाहीच. ती हडकली होती, डोळे आत गेले होते, पण श्वास कपाटात ठेवलेल्या वस्त्रासारखा शांत. घरात आनंदीआनंद झाला. माय म्हणाली मातीने झालं. आत्याने निरोप पाठवला की उपासाने झालं, तिच्या सासूचंही तसंच झालं होतं. बाबा म्हणाले, ओकारीनं सगळा कफ निघून गेला, मी डोळ्यानं पाहिला. गुरुजी म्हणाले, "पाहिलंत? निसर्ग." जाताना त्यांनी बाबांच्या मागावरचा एक पंचा तेवढा भेट म्हणून घेतला, नाकाशी धरून त्याचा वास घेतला आणि म्हणाले, "हातमागाचं घर म्हणजे पवित्र घर." मागाच्या खोलीत ते एकदाही गेले नव्हते.

निसर्गोपचार या शब्दावर मी पुढे पुष्कळ विचार केला. ग्रंथालयात नोकरी केली, त्यामुळे त्या विषयावरची पुस्तकं हाताखालून गेली. माती, पाणी, ऊन, हवा, आहार. काही पुस्तकं शहाणी होती, काही अगदीच भोळी. सगळ्यांत एक रोगी असतो आणि त्याच्यावर काहीतरी केलं जातं. रोगी जिथे झोपतो त्या खोलीवर काय करावं, हे मला फारसं कुठे सापडलं नाही. आमच्याकडे तर उपचार सोसायला इंदू होती. ती गुणी होती. तिच्यावर काहीही करता येत होतं.

थंडी वाढली. अंगणातली माणसं आत आली. बऱ्या झालेल्या मुलीला वारा लागू नये म्हणून तिची खाट पुन्हा मागाच्या खोलीत, आणि कांड्या पुन्हा तिच्याकडे. दोन दिवस गेले नाहीत तोच आवाज परत आला. मी तो उंबऱ्यातूनच ऐकला, हातात पुस्तकं होती.

"बाबा," मी म्हटलं, "अंगणात होती तं बरी होती. या खोलीत आली की होते तिले."

धोटा चालूच होता. "कॉलेजात शिकवतात का हे?"

"शिकवाले कायले पाहिजे? दिसून राहिलं."

धोटा थांबला. बाबांनी मान वर केली नाही. "ठीक आहे. बंद करतो माग. उद्यापासून सगळे मिळून हवा खाजा."

आतून माय ओरडली, "काहून बापाच्या तोंडाले लागतं वं?"

इंदू खाटेवर पुढे वाकून बसली होती. श्वास जमेल तसे तिने शब्द काढले. "बाबा... तुम्ही विणा. मीच... हवा कमी खाईन."

बाबा हसले. खरंच हसले, आणि धोटा पुन्हा सुरू झाला. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि जे येत होतं तेही गिरणीच्या कापडापुढे मरायला टेकलं होतं. हे मला समजतं. समजतं म्हणून ते कमी क्रूर होत नाही. तीच भुकटी त्यांनी आयुष्यभर ओढली आणि ते म्हातारे होऊन गेले. शेवटपर्यंत त्यांना साधा खोकला नव्हता.

काटोलची माणसं मार्गशीर्षात आली. मुलगा, त्याची आई आणि वाटाड्या म्हणून आत्या. मुलगा सगळा वेळ आपल्या चपलांकडे पाहत होता. त्याची आई उंच, कोरडी बाई. मोजून बोलणारी. सोबत त्यांनी संत्र्यांची करंडी आणली होती. आदल्या दोन दिवसांपासून इंदूला पुन्हा लिंबूपाण्यावर ठेवलं होतं. सकाळी वाफ दिली होती. माय मोरीजवळ उभी राहून पुटपुटली होती, "एक तरी गोळी ठेवाची होती."

बैठक ओट्यावर ठेवली होती. तिथे हवा होती, आणि इंदू पोह्यांच्या बश्या घेऊन आली तेव्हा तिची छाती गप्प होती. तिने नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. आत्याचा चेहरा फुलू लागला. मग काटोलची बाई म्हणाली, "पोहे तं कोनीबी करते. मले हात पाहू द्या पोरीचा."

आमच्या विणकरांत ही जुनी रीत. मुलगी पाहायला गेलं की तिला कांडी भरून दाखवायला सांगत. सूत किती वेळा तुटतं, तुटलं तर कपाळाला आठी पडते का, यावरून मुलगी ओळखत. माग सोडलेल्या घराला ही रीत आठवेल असं आत्याच्याही मनात आलं नव्हतं.

"आता कायले, वयनीबाई?" आत्या म्हणाली. "तुमच्याकडे कुठं माग आहे?"

"नाही. पन हात तं हातच राहते."

सगळे मागाच्या खोलीत गेले. बाबा खड्ड्यात उतरून विणू लागले, पाहुण्यांसमोर ते शोभेल असं त्यांना वाटलं असावं. बाईने हाताने खूण करून त्यांना थांबवलं. इंदू रहाटापुढे बसली. तो रहाट करकरायचा. मी तिच्या बाजूला उभी होते, आणि ती काय करते आहे ते मला पहिल्या दोन फेऱ्यांतच कळलं. रहाट जिथे करकरतो तिथे ती श्वास सोडत होती. करकर झाली की थोडा, पुन्हा करकर झाली की थोडा. मधल्या शांततेत श्वास धरून ठेवत होती. ओठ मिटलेले, जणू ओठांवर हसू आहे. सूत एकदाही तुटलं नाही. कांडी अशी भरली जात होती की बाबाही मान पुढे करून पाहू लागले. तिच्या ओठांच्या कडा निळसर होत चालल्या होत्या, पण त्या खोलीत उजेड कमी होता.

माय मला दिसत होती. तिचे हात छातीशी जोडलेले होते. झालंच होतं आता. कांडी भरत आली होती.

काटोलची बाई वाकली आणि तिने रहाटावर हात ठेवला. रहाट थांबला.

मग सगळ्यांनी ऐकलं. एवढा वेळ धरून ठेवलेला श्वास होता, एकदम थोडाच निघणार? तो ताणत, शीळ घालत, तुटत बाहेर आला, आणि संपतच नव्हता. मुलाने पहिल्यांदा मान वर केली.

बाई तिच्यासमोर खाली बसली. आवाज अगदी साधा. "कधीपासून आहे?"

"दहा वर्षांची... होती... तवापासून."

"बाहेर झोपली की कमी होते?"

"हो."

"या खोलीत आली की येते."

इंदूने बाबांकडे पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.

बाई उठली. "माझ्या मालकाचं असंच होतं," ती बाबांना म्हणाली. "त्यांच्यापायीच आम्ही माग सोडला. सोडला तवा उशीर झाला होता. दादा, माग काढा नाहीतर पोरगी काढा इथून. बाकी माती-पानी काही कामाचं नाही."

आत्याने संधी सोडली नाही. "म्हणूनच तं तुमच्या घरी देऊन राहिलो, वयनीबाई. तुमच्याकडे अंगण आहे, हवा आहे. महिन्याभरात टुणटुणीत होईन पोरगी."

"होईन," बाई म्हणाली. "तिथं बरी होईन ती."

इंदूचा चेहरा वर झाला होता. मी तो चेहरा पुन्हा कधी पाहिला नाही.

"पन मी तो आवाज लय वर्षं ऐकला," बाई म्हणाली. "आता मले तो माझ्या घरात पाहिजे नाही, बाई. एक दिवसही नाही." तिने इंदूच्या डोक्यावर हात ठेवला, हात चांगला आहे असं म्हणाली, आणि मुलाला घेऊन निघून गेली. करंडी परत नेली नाही.

ते गेल्यावर आत्या रडली. इंदू नाही. थोड्या वेळाने तिने करंडी पुढे ओढली आणि संत्रं सोललं. आम्ही सगळे पाहत होतो. तिने एक खाल्लं, मग दुसरं, मग तिसरं. रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला. माय पुढे झाली तेव्हा बाबा म्हणाले, "खाऊ दे. आता कायले पथ्य?"

"पाहिलं का वं," इंदू मला म्हणाली, तोंडात फोड होती. "सगळ्यांचे हात धुऊन झाले. आता मी जेवतो."

त्यानंतर तिला कुणी काही मना केलं नाही. दही मागितलं, दिलं. पेरू मागितला, दिला. सकाळचं मिठाचं पाणी बंद, माती बंद. सालांचं पीठही बंद. जिला कुठे द्यायचं नव्हतं तिला जपायचंही कारण उरलं नव्हतं. मी एकटीने तिची खाट ओट्यावर काढायचं म्हटलं. निम्मी ओढलीही होती. आत्या तेव्हा अजून आमच्याकडेच होती.

"गल्ली ऐकीन," ती म्हणाली. "या लहानीचं लगन व्हाचं आहे अजून. घरात दमा आहे म्हणून कोन दारात येईन?"

खाट आत गेली. ती माझ्या लग्नासाठी आत गेली. माझं लग्न पुढे झालंच नाही.

संक्रांतीच्या आधी, पौषातल्या एका दुपारी मी कॉलेजातून आले तेव्हा घर विलक्षण शांत होतं. बाबा विणत होते, पण धोटा अगदी हलक्या हाताने टाकत होते. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "झोपली," ते कुजबुजले. "लय दिवसांनी झोपली. उठवू नोको." सूत इंचभर, इंचभर पुढे सरकत होतं. मी खाटेजवळ गेले. ती उशीवर पुढे वाकलेली होती, नेहमीसारखी, ओठ फुंकर घालताना असतात तसे. मी वळून बाबांकडे पाहिलं. त्यांनी धोटा आणखी एकदा टाकला, हळूच.

सुतकात माग चालवत नाहीत. बाबांनी खड्ड्यावर फळी टाकली, अर्धं लुगडं तसंच ताणलेलं राहिलं. भेटायला येणाऱ्या माणसांना बसायला जागा हवी म्हणून गोणपाटं काढली, खिडक्या उघडल्या. भुकटी खाली बसली, मायने ती ओल्या फडक्याने पुसून घेतली, आणि त्या खोलीची फरशी मी जाणती झाल्यापासून पहिल्यांदा तिच्या रंगाची दिसली. हवा इकडून येई आणि तिकडून जाई. तेरवीपर्यंत घर असं होतं. नातेवाइकांनी धान्य आणलं, शेजाऱ्यांनी भाजी आणली, दोन्ही वेळा चूल पेटली. इतके दिवस माग बंद राहिला आणि आमच्यापैकी कुणी उपाशी मेलं नाही. हे सगळ्यांना दिसत होतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी फळी उचलली. गोणपाटं भिजवून पुन्हा खिडक्यांवर टांगली. खड्ड्यात पाय सोडले आणि सवयीने हाक मारली, "इंदे, कांड्या आन."

कुणी त्यांना अडवलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि रहाटावर जाऊन बसले.